आधी दार, मग लसूण

सुरेखा बालाजी जाधव, राहणार मारुंजी, मूळ गाव लातूरच्या औसा तालुक्यातलं, काम कंत्राटी स्वयंपाकीण. हिच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही लिहून ठेवते, कारण आत्ताच लोक "मागे काहीतरी झालं होतं ना तिकडे" असं बोलायला लागलेत. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, माणमधल्या एका मोठ्या आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, दुपारच्या जेवणाचे काउंटर उघडायच्या थोडं आधी. स्वयंपाकघराला आग लागली तेव्हा मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

ताई, पहिला परिच्छेद झाला. कुणावर अन्याय झाला आणि कधी, हे आधी सांगायचं, बाकीचं नंतर, असं मला कामगार संघटनेत शिकवलंय. हे तुला सांगितलं तेव्हा तू परातीत शेंगा निवडत होतीस. म्हणालीस, "म्हंजे पयल्या ओळीतच रडायचं?"

"रडायचं नाही ताई, सांगायचं."

"मंग आधी जेव. उपाशी माणसाचं सांगणं रडल्यासारखंच वाटतंय."

आज तू नाहीस म्हणून मी न जेवता लिहायला बसले आहे. रडल्यासारखं वाटलं तर वाटू दे.

तेराव्याला तुझा भाऊ गावाकडून आला. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून सवयीने पिशवी भरून सोयाबीनच्या हिरव्या शेंगा घेऊन आला. उशिरा पेरलेल्या तुकड्यातल्या. खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की ही पिशवी द्यायची कुणाला. बालाजीभाऊ तर नुसते भिंतीकडे बघत बसलेले. शेवटी त्याने ती माझ्या आईच्या हातात दिली. आईने घेतली आणि पदराने तोंड झाकून आत गेली.

माझी आई! जिने तुझ्या या शेंगांवरून तुझ्याशी पहिलं भांडण केलं, ती.

तुम्ही आमच्या मागच्या खोलीत राहायला आलात, त्याला थोडेच दिवस झाले होते. बालाजीभाऊ चाकणच्या कंपनीची बस पकडायला पहाटे बाहेर पडायचे, तू सकाळी माणला जायचीस, आणि आम्हाला तुमची ओळख फक्त दोरीवरच्या कपड्यांची. मग एका रविवारी तुझ्या खोलीतून लसणाचा असा वास सुटला की आमच्या ओसरीवर बसलेली आई पोथी मिटून उभी राहिली. चातुर्मास होता. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण येत नाही, आणि वास तर सरळ देवघरात.

"अगं ए सुरेखा! चातुर्मास हाय न्हवं? दार लावून कर की जरा!"

तू आतूनच ओरडलीस, "दार लावून लसूण करायचा नसतोय काकू, जीव घुसमटतोय!"

"मंग आमचा धरम बुडाला तरी चालंल व्हय?"

"वासानं धर्म बुडत असता तर निम्मी मारुंजी कधीच बुडली असती की. कोपऱ्यावर चायनीजची गाडी हाय, तिला सांगा आधी."

मी हसले. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी परत पुस्तकात डोकं घातलं. पण दार तू लावलं नाहीस. तुमच्या त्या खोलीला मागे खिडकी नाही. माझ्याच बापाने बांधली आहे, त्यामुळे मला चांगलं माहीत आहे. सगळी हवा त्या एका दाराने येते. वाऱ्याने ते आपटायचं, म्हणून तू लसूण ठेचून झाला की दगडी खल उचलून दाराला टेकवायचीस. दार पूर्ण उघडं आहे, हलत नाही, हे बघून मगच कढईत लसूण पडायचा. हा तुझा नेम होता. आधी दार, मग लसूण. त्या दिवशी संध्याकाळी तू आईला वेगळ्या वाटीत शेंगा आणून दिल्यास. नुसतं जिरं आणि मीठ घातलेल्या. आईने "न्हाई बाई" म्हणत घेतल्या आणि दोन दिवसांनी मला विचारलं, "ती लातूरवाली परत कधी करणार हाय गं?"

ताई, हे लिहिताना हसू येतंय आणि हसू आलं म्हणून राग येतोय.

कृती मी तुझ्याकडूनच शिकले, निम्मी. शेंगा धुवायच्या. मिठाच्या पाण्याला उकळी आली की त्यात सोडायच्या, रंग हिरवागार चढला की काढायच्या. आता खरं काम. जुनी सुती साडी अंथरायची, त्यावर शेंगा पसरायच्या आणि कोरड्या होऊ द्यायच्या. नुसतं पाणी निथळून भागत नाही. "शेंगेच्या शिवणीत पाणी बसतंय," तू म्हणायचीस, "ते तेलात गेलं की तेल अंगावर येतंय." मग लोखंडी कढईत कोरड्याच भाजायच्या, काळे ठिपके पडेपर्यंत. बाजूला सारून मधोमध चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, काळं तिखट, मीठ, आणि लगेच सगळं एकत्र. खाताना शेंग दातात धरून ओढायची. चव सगळी सालीला असते, दाणा नुसता गोड.

मला घाई. मी लसूण आधी टाकायचे, तो करपायचा. तू कढई ओढून घ्यायचीस. "तू पण अशीच. बाकीचे गार हायेत तवरच तापायलीस. करपून जाशील पुढारीणबाई."

तू मला पुढारीणबाई म्हणायचीस आणि मी चिडायचे. गेट मीटिंगहून मी यायचे ती बसलेला घसा घेऊन. तू विचारायचीस, "किती माणसं थांबली ऐकायला?" मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा पुढे करायचे. मग तू कढई ठेवायचीस. माझं अपयश किती मोठं होतं यावर शेंगा किती हे ठरायचं.

आणि ती पोलीस चौकी. कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटली म्हणून आम्हाला दुपारी नेऊन बसवलं होतं. माझी आई घरी कपाळाला हात लावून बसली होती. तू मात्र सुट्टीचा दिवस असूनही उठलीस, डबा भरलास आणि चौकीत आलीस. हवालदाराच्या टेबलावर डबा उघडून म्हणालीस, "पोरगी सकाळपासून उपाशी हाय साहेब, तिला खाऊ द्या. तुम्ही बी घ्या की, चांगल्या हायेत." त्याने एक घेतली. मग मूठभर घेतल्या. मग आम्हाला म्हणाला, "जा रे घरी, परत दिसू नका." रस्ताभर तू मला टोचत होतीस. "तुझ्या पत्रकानं सुटलीस का माझ्या शेंगानं?"

"तो सोडणारच होता, ताई."

"हो का? मंग शेंगा खायच्या आधी का नाही सोडलं?"

या भांडणाचा निकाल लागायचा राहिला. तुझं म्हणणं, मागायला जाताना हातात काहीतरी घेऊन जावं, समोरचा माणूसच आहे, तो विरघळतो. माझं म्हणणं, हक्काची गोष्ट मागायची असेल तर डबा घरी ठेवून जावं, नाहीतर त्याला वाटतं आपण उपकार करतोय. आपण हे किती वेळा भांडलो! तुझ्या दारात, कढईच्या धुरात.

मग कुलपाची गोष्ट आली.

तू सहज बोललीस. कॅन्टीनच्या स्वयंपाकघराला मागे एक दार आहे, कचऱ्याच्या बाजूला उघडणारं. ठेकेदाराच्या मॅनेजरने त्याला बाहेरून कुलूप घातलंय. का, तर उरलेलं जेवण बायका मागच्या दाराने घरी नेतात, असा त्याला संशय. शिजवायचं तुम्ही, उरलं तर फेकायचंही तुम्हीच, पण घरच्या लेकराच्या तोंडात त्यातला घास गेला की चोरी. ते तुला फारसं लागलं नव्हतं. तुला लागलं होतं ते वेगळंच. "अगं, तिथं फोडणी दिली की सगळ्याच खोकायल्यात. पंखा नुसता गरगरतोय, धूर जातच नाही. मला तर लसूण टाकताना हातच धजत नाही."

मी तिथल्या तिथे वही काढली आणि पत्रक लिहायला घेतलं. तू माझ्या हातातून पेन काढून घेतलंस.

"काय लिहायलीस? छापू नको. मी बोलते त्याच्याशी."

"कुणाशी? ज्याने कुलूप घातलं त्याच्याशी?"

"मंग काय, कुलपाशी बोलू? माणूसच हाय की तो."

"ताई, दार उघडा हे सांगायला डबा घेऊन जाणार तू? हळदीकुंकू आहे का?"

"जाणार. तू बघच."

तू गेलीस. त्याने शेंगा खाल्ल्या. उभ्या उभ्या डबा संपवला म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडं होतं! तू संध्याकाळी आलीस ती आमच्या ओसरीवरूनच ओरडत. "पुढारीणबाई! उघडलं बघ! न छापता उघडलं!" मी हरले होते आणि मला आनंद झाला होता. दोन्ही खरं आहे.

"अजून ऐक," तू म्हणालीस, "त्यानं आपल्या सोयाबीनला काय तर एडामामे म्हणलं. जपानात खातेत म्हणं. आमच्याकडं हे पीक मोंढ्याच्या बाजारात जाऊन पडतंय, शेंगा कुणी विचारत नाही, आणि ह्यांच्या काचेच्या काउंटरला त्याची पाटी लागणार हाय. मला म्हणला, ताई, तुमचीच रेसिपी ठेवू."

पाटी लागली. गार्लिक रोस्टेड एडामामे. शेजारी हिरवं पान काढलेलं. तुझं नाव कुठे असणार? पण तू खूश होतीस. आयटीतली पोरं दुसऱ्यांदा मागायला येतात, म्हणालीस. फक्त एक खटकत होतं. तिथे ताज्या शेंगा नव्हत्या, बर्फात गोठवलेल्या पिशव्या यायच्या. "सुटायला येळ लागतोय, वाळायला येळ लागतोय. मी पंखा लावून चादरीवर पसरते. तो म्हणतो, किती वेळ घालवता ताई."

पुढचं मला मंदाने सांगितलं. तुझ्या शेजारच्या शेगडीवर असायची ती. अजून तिच्या हाताला पट्टी आहे.

त्या मंगळवारी कंपनीत परदेशातले पाहुणे येणार होते. मॅनेजरने सकाळीच फेरी मारली. मागच्या दारातून कचऱ्याचे पिंप दिसतात, वास येतो, पाहुण्यांना नको. त्याने दार ओढून घेतलं, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. कुणाला सांगितलं नाही, हे सगळं मागाहून कळलं. सांगण्यासारखं त्याला काही वाटलंच नसणार. आतून बघणाऱ्याला ते नुसतं लोटलेलं दार दिसत होतं. मग त्याचं फर्मान आलं, की पाहुण्यांना एडामामे हवं, भाजत बसू नका, मोठ्या कढईत तळून काढा. तू म्हणालीस, बर्फ सुटू द्या. तो म्हणाला, पाहुणे गेटवर आलेत, आणि गुच्छ घेऊन गेटवर गेला. किल्ली त्याच्या खिशात.

गोठलेल्या शेंगा तेलात गेल्या. तेल उसळून शेगडीवर आलं, पेटलं, आणि पुढच्या दरवाजाची वाट आगीने अडवली. बायका वाढपाच्या खिडकीतून बाहेर पडल्या, खरचटत, एकमेकींना ओढत. मंदा म्हणते, "मी हाका मारत होते, सुरेखा, इकडून ये, खिडकीतून ये. तिनं ऐकलं नाही. ती मागच्या दाराकडं गेली."

जाणारच! ते दार तू उघडून घेतलं होतंस. तुझ्या हिशेबी ते उघडं होतं. तू त्याच्याकडे मागितलं होतं आणि त्याने दिलं होतं.

ताई, मला तुझाही राग येतो. लिहू नये म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल. मी लिहिणार. तू त्याच्या शब्दावर विसंबलीस याचा मला राग येतो. "माणूसच हाय की तो." हो, माणूसच होता. कुलूप माणूसच घालतो. हाताला शेंगेचं मीठ लागलेला माणूस घालतो. त्याने तुझं वाईट चिंतलं नव्हतं, हेही मला माहीत आहे, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरतं. दार उघडलं ते त्याच्या मर्जीने आणि बंद केलं तेही त्याच्याच मर्जीने. डब्याने मर्जी मिळते. मर्जीला खल टेकवून ठेवता येत नाही. एवढंच मला तुला सांगायचं होतं, आणि ते सांगायला मला नेमकं तेव्हा सुचलं नाही, कारण तू जिंकली होतीस आणि नाचत होतीस.

काही जण मला येऊन विचारतात, तू पत्रक छापलं असतंस तर? हा दगड मी माझ्या अंगावर घेणार नाही. कुलूप मी घातलं नव्हतं. ज्याने घातलं त्याला विचारा.

पण त्याला कुणी विचारत नाही. चौकशीत एकच प्रश्न घोळवला जातोय, की पिशवी कढईत कुणी ओतली. ठेकेदार म्हणतो, बाईंनी. कंपनी म्हणते, ठेकेदाराच्या बाईंनी, आमचा संबंध नाही. बालाजीभाऊंना ऑफिसात बोलावून चहा दिला आणि सांगितलं, "मिसेसकडून चूक झाली, भाऊ, आता काय करणार." आणि तो साधा माणूस माझ्याकडे येऊन विचारतो, "ताई, तिच्याकडनं चूक झाली असंल का हो? ती तर शेंगा कोरड्या केल्याबिगर..."

तर आता नीट ऐका, चौकशीवाले. समजा, तिनेच ओतली. समजा, चूक तिचीच. तर? स्वयंपाकघरात रोज कुणाची तरी चूक होते. माझ्या आईचं दूध उतू जातं, माझा लसूण करपतो, फोडणी पेट घेते. चूक होते म्हणूनच स्वयंपाकघराला दार असतं. चूक झालेल्या बाईने दाराबाहेर यावं, खोकावं, शिव्या खाव्यात, संध्याकाळी घरी जाऊन हसत सांगावं. चुकीची शिक्षा एवढीच असते. ओतणाऱ्याचा हात शोधताय, मग कुलूप घालणाऱ्याचा हात का शोधत नाही? तो तर गेटवर होता. त्यात गुच्छ होता.

त्या कंपनीने शोकसभा घेतली, ताई. "आमच्या परिवारातली सदस्य" असा तुझा फोटो लावला. जिवंतपणी ठेकेदाराची बाई, मेल्यावर परिवार. लोक दोन मिनिटं उभे राहिले, खरोखर डोळे पुसले काहींनी, मी खोटं सांगणार नाही. मग कॅन्टीन शेजारच्या इमारतीत हलवलं आणि काही दिवसांनी काउंटर परत सुरू झाले. मंदाने फोटो काढून पाठवला. पाटी आहे. हिरवं पान आहे. गार्लिक रोस्टेड एडामामे.

आणि नव्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला कुलूप आहे. मंदाने विचारलं तर "तात्पुरतं आहे" असं उत्तर मिळालं.

काल मी तुझ्या शेंगा केल्या. पिशवीतल्या शेंगा पिवळ्या पडायला लागल्या होत्या, फेकणं शक्य नव्हतं. बालाजीभाऊ म्हणाले, इथेच करा, तिच्याच कढईत. मी साडी अंथरली, शेंगा पसरल्या, आणि आई खाली बसून लसूण सोलायला लागली. या वर्षीचा चातुर्मास अजून संपलेला नाही, ताई. मी तिच्याकडे बघितलं.

"बघतीस काय? कर तुझं काम. तिचं तेरावं झालंया, तिच्या तोंडाला चव न्हाई का लावायची? आमच्या धरमाचं आमी बघू."

शेंगा कोरड्या झाल्या. मी घाई केली नाही. कढई तापली, ठिपके पडले, मी तेल सोडलं आणि लसणाला हात घातला. तेवढ्यात आई तुझ्यासारखीच ओरडली, "आधी दार!"

मी उठले. खल उचलला. केवढा जड आहे गं तो! दाराला टेकवला, हलत नाही ना बघितलं, आणि मग लसूण टाकला. वास सुटला. अजून इथेच थांबलेल्या तुझ्या भावाने एक शेंग दातात धरून ओढली आणि तसाच बसून राहिला, साल हातात घेऊन. आईने एक शेंग कपाळाला लावली आणि खाल्ली. लसणासकट.

या वेळी करपला नाही, ताई. तुला दाखवायला हवा होता.

आता मी तुझ्याशी बोलायचं थांबवते. हे वाचणाऱ्यांशी बोलायचंय.

तुम्ही माणमध्ये, हिंजवडीत, चाकणला, कुठेतरी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवता. उद्या जेवायच्या सुट्टीत ताट उचलण्याआधी स्वयंपाकघराला वळसा घालून मागे जा. कुणी अडवलं तर सांगा, आमचं जेवण जिथे शिजतं ते बघायचंय. मागचं दार शोधा आणि त्याला हाताने ढकला. उघडलं तर जाऊन जेवा. नाही उघडलं, तर त्या दिवशी एकानेही ताटाला हात लावू नका. मॅनेजर येईल, गोड बोलेल, उद्यापासून उघडं ठेवतो म्हणेल. त्याचा शब्द घेऊ नका. ते कुलूप मागा. तुमच्या समोर काढून घ्या, तुमच्या बॅगेत टाका, आणि मग जेवायला बसा.